आवाज येतो, शब्द येत नाहीत

आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी बाबांना पुण्याहून नोएडाला आमच्याकडे घेऊन आले. त्यांनी फारशी खळखळ केली नाही. बॅग भरताना एवढंच विचारलं, "तिकडे मराठी चॅनल दिसतं का?"

"सगळं दिसतं, बाबा," मी म्हटलं.

दिसण्याचा प्रश्न नव्हताच, हे मला नंतर कळलं.

बाबा पुण्याच्या कोर्टात लघुलेखक होते. जज्जसाहेब सांगतील तो निकाल आणि साक्षीदार देईल ती साक्ष शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची, मग टाइप करायची, हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. घरीसुद्धा कुणी बोलायला लागलं की त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर चालायला लागायचं. नकळत ते समोरच्याचं बोलणं टिपून घेत असायचे. आई चिडायची. म्हणायची, "माझ्याशी बोलताना तरी हात स्वस्थ ठेवा. मी काय साक्ष देतेय?"

आमचा फ्लॅट आठव्या मजल्यावर. घरात मी, माझा नवरा आणि अकरा वर्षांची मुलगी. नवऱ्याचं घर दोन पिढ्यांपासून दिल्लीत, त्यामुळे तो मराठी बोलतो पण मधे मधे "बिल्कुल" आणि "यार" येतातच. मुलगी तर जन्मापासून इथलीच. जेवण, झोप, दप्तर, उशीर एवढ्यापुरतं तिचं मराठी छान आहे. त्यापुढे गाडी हिंदीच्या रुळावर जाते.

बाबांची मालिका साडेसातला लागायची. साताऱ्याकडच्या एका गावातलं कुटुंब, दोन भाऊ, एक बहीण, विधवा आई. पुण्यात असताना आई-बाबा दोघं ती बघायचे. इथेही पहिल्याच संध्याकाळी बाबा सोफ्याच्या टोकाला जाऊन बसले आणि मी त्यांच्या हातात रिमोट दिला. आमच्या टीव्हीचा आवाज एरवी पंधरावर असतो. त्या आठवड्यात तो तिसावर गेला, पुढच्या आठवड्यात चाळिसावर. जाहिरात लागली की आम्ही सगळे दचकायचो. नवऱ्याच्या परदेशातल्या लोकांशी मीटिंगा नेमक्या त्याच वेळी. एकदा पलीकडच्या माणसाने काळजीने विचारलं की तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना, कुणीतरी रडतंय. नवऱ्याने सांगितलं की ती टीव्हीवरची सासू आहे. पण बाहेर येऊन तो मला म्हणाला, "यार, काहीतरी करायला पाहिजे."

मला त्या आवाजापेक्षा दुसरंच काही खुपत होतं. मालिका चालू असताना बाबा मधेच मान डावीकडे वळवायचे. तिथे सोफ्याची रिकामी जागा. एकदा तर ते अर्धवट म्हणालेसुद्धा, "काय म्ह..." आणि थांबले. मला एकदम पुण्याचं घर आठवलं. आई डावीकडच्या खुर्चीवर भाजी निवडत बसलेली असायची आणि टीव्हीकडे न बघता बोलत राहायची. "म्हणतोय, येणार नाही." "पत्र हरवलं म्हणे." मला वाटायचं, आईला बडबडायची सवय आहे. ती बाबांना एकेक वाक्य पुरवत होती हे मला ती गेल्यावर कळलं. आणि तिने ते कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. कदाचित बाबांनाही नाही.

नवऱ्याने एका रविवारी साउंडबार आणला. टीव्हीखाली ठेवायची लांब काळी पट्टी आणि तिच्या जोडीला जमिनीवर ठेवायचा एक जड डबा. त्याने हौसेने सगळं जोडलं आणि मारामारीचा एक सिनेमा लावून दाखवला. काचेचं कपाट थरथरलं. बाबा म्हणाले, "छान आहे. थिएटरात बसल्यासारखं वाटतं." नवरा खूश झाला. दुसऱ्या संध्याकाळी मालिका लागली तेव्हा बाबांनी आवाज पुन्हा वाढवत नेला. मालिकेत दार आपटलं की डब्यातून असा धडाका यायचा की चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्या भल्या होत्या. नुसतं विचारलं, "भाभीजी, कुछ काम चल रहा है क्या?" डबा बंद झाला.

मग ॲपवर खाली इंग्रजी अक्षरं येतात ती लावून दिली. बाबांनी दोन दिवस ती वाचली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ही दोघं मराठीत भांडतायत आणि मी ते इंग्रजीत वाचतोय. भांडणाला चवच राहत नाही." आम्ही अक्षरं काढून टाकली.

यातून वाट काढली ती मुलीने. एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तर ती सोफ्यावर बाबांच्या डाव्या हाताला बसलेली, पाय पोटाशी घेऊन, आणि त्यांच्या कानाशी बोलत होती. "आजोबा, ती म्हणतेय की मी तुझ्याशी लग्न करणार नाही. तो म्हणतोय ठीक आहे." टीव्ही अठरावर होता. बाबा मान डोलावत होते. मी दाराशीच उभी राहिले. आईच्या जागी कुणीतरी बसलं होतं आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

त्यानंतर साडेसातला ती रोज हजर असायची. मैत्रिणी खाली खेळायला बोलवायच्या तर सांगायची, "आठ बजे आऊंगी, नानाजी को काम है." घर शांत झालं. आणि बाबा जेवताना मालिकेतली गोष्ट आम्हाला सांगायला लागले, जे त्यांनी आल्यापासून कधी केलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. थोरला भाऊ सात वर्षांनी गावात परत आला होता. नागपूरला जाऊन, शिकून, गुरांचा डॉक्टर होऊन. पण गावात कुणी त्याच्याशी बोलायला तयार नाही, आई त्याला बघून रडते, बहिणीचं जमलेलं लग्न मोडतं. कारण काय, तर त्याने सुट्टीत येऊन कुणाच्या तरी म्हशीला इंजेक्शन दिलं होतं आणि ती म्हैस मेली.

"एका म्हशीवरून एवढं?" नवऱ्याने विचारलं.

"तेच मला पटत नाही," बाबा म्हणाले. "हे कोर्टात टिकणार नाही. आणि ती म्हैस त्यांनी अजून एकदाही दाखवलेली नाही."

मुलगी वरण-भातात लक्ष घालून जेवत होती. मला वाटलं, आजकालच्या मालिका, काहीही दाखवतात.

हे सगळं दीडेक महिना चाललं. मग मुलीची शाळेची सहल निघाली, चार दिवस उत्तराखंडात. जाताना तिने मला बजावलं, "आई, साडेसातला तू बस. विसरू नको हं."

मी बसले. त्या दिवशी मालिकेतल्या बहिणीला बघायला कुणीतरी आलं होतं. मी एकीकडे मोबाइलवर ऑफिसचे निरोप बघत होते आणि एकीकडे बाबांना सांगत होते. "ती म्हणतेय, तिला मुलगा पसंत नाही."

"काय नाही?"

"पसंत नाही."

"कोण वसंत?"

"पसंत, बाबा, पसंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, तो मलाच ऐकू आला.

बाबांनी टीव्ही बंद केला. रागाने नाही. रिमोट नीट टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "चुकलं माझं. ऑफिसचा ताण डोक्यात होता."

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना वाटतं, मला आवाज येत नाही. आवाज येतो गं. शब्द येत नाहीत."

"म्हणजे?"

त्यांनी समोरचं वर्तमानपत्र ओढलं आणि समासात पेनाने काही आडव्या-तिरक्या रेघा काढल्या. त्यांच्या आजूबाजूला बारीक ठिपके दिले. "हे शॉर्टहँड. व्यंजनं म्हणजे रेघा. क, त, प, स, ज्याची त्याची वेगळी रेघ. स्वर म्हणजे हे ठिपके. आता बघ, ठिपके पुसले तरी मी वाचू शकतो. आम्ही घाईत ठिपके देतच नव्हतो. पण रेघा पुसल्या आणि नुसते ठिपके ठेवले, तर कोण वाचणार?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला सध्या ठिपके ऐकू येतात. पसंत काय, वसंत काय, सारखेच. तुम्ही आवाज वाढवता तेव्हा ठिपके मोठे होतात. रेघा येतच नाहीत."

इतके दिवस आम्ही पट्ट्या आणि डबे आणत होतो आणि त्यांना कुणी एवढं साधं विचारलं नव्हतं, की नेमकं काय ऐकू येत नाही. मी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंत?"

"त्याने एवढ्या हौसेने आणलं होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नवरा कामासाठी गुडगावला गेला होता. घरात आम्ही दोघंच. मी म्हटलं, "बाबा, आज आपण हा टीव्ही नीट लावू." आणि मी स्टूल घेऊन टीव्हीच्या मागेपुढे कान लावून पाहिलं. आवाज समोरून येतच नव्हता. पातळ टीव्हीला स्पीकर ठेवायला जागा नाही, ते खाली तोंड करून बसवलेले. शब्द आधी खालच्या लाकडी फळीवर आपटत आणि मग उरलेसुरले आमच्यापर्यंत पोचत. बाबांनी टीव्हीखाली तळहात धरला आणि म्हणाले, "साक्षीदार भिंतीकडे तोंड करून उभा आहे."

मग ते आतून एक जुनं पॅड आणि पेन्सिल घेऊन आले. हे पॅड त्यांनी पुण्याहून आणलंय हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, "बातम्या लाव. मी एक मिनिट उतरवून घेतो. जे ऐकू येणार नाही तिथे जागा सोडतो. जागा किती सुटल्या त्यावरून कळेल, फरक पडला की नाही."

पहिल्या मिनिटाला पानावर शब्दांपेक्षा मोकळ्या जागा जास्त होत्या. माझा जीव कळवळला, पण ते कामाच्या माणसासारखे म्हणाले, "हे झालं पहिलं. आता एक बदल कर. एका वेळी एकच."

मी सेटिंगमध्ये शिरले. टीव्ही 'सिनेमा'वर लावलेला होता, तो संवादाच्या पर्यायावर आणला. चारी बाजूंनी आवाज आल्याचा भास करणारी सोय बंद केली. पुन्हा एक मिनिट. मग जाड, घुमणारा आवाज कमी केला आणि बारीक, धारदार आवाज वाढवला. माझ्या कानाला निवेदिकेचा आवाज जरा पत्र्यासारखा वाटायला लागला. बाबांची पेन्सिल मात्र भराभर चालली. साउंडबारची पट्टी आम्ही डब्याबरोबरच बंद करून फळीच्या आतल्या बाजूला सारून ठेवली होती. ती बाहेर काढून, पुन्हा जोडून, बैठकीच्या उंचीला, त्यांच्याकडे तोंड करून टेबलावर ठेवली. जाहिरात एकदम अंगावर येऊ नये म्हणून आवाज एका पातळीत ठेवणारं एक बटण होतं, तेही सापडलं. त्यांची जागाही बदलली. सोफ्याचं टोक खोलीच्या पार पलीकडे होतं. त्याऐवजी त्यांच्यासाठी आरामखुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर, बरीच जवळ आणली.

बाबांनी मधेच एक टाळी वाजवली. "ऐक. टाळी रेंगाळतेय."

खरंच रेंगाळत होती. खाली टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं मोठं काचेचं दार, भिंती उघड्या. आम्हाला तो मोकळेपणा फार आवडायचा. बाबा म्हणाले, "आमचं कोर्ट नव्या इमारतीत गेलं तेव्हा असंच झालं होतं. उंच छत, काचा, चकचकीत फरशी. जुन्या खोलीत भिंतीला लागून फायलींचे ढीग होते. धुळीने शिंका यायच्या, पण शब्द कसा स्वच्छ यायचा."

आमच्याकडे फायली नव्हत्या. मी माळ्यावरची जाड सतरंजी काढून फरशीवर टाकली. बेडरूमचे थंडीचे जाड पडदे आणून बाल्कनीच्या दाराला लावले. मागच्या उघड्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट ओढलं. या सगळ्यात दुपार झाली, जेवायचं राहिलं. शेवटचं पान लिहून झालं तेव्हा बाबांनी पॅड डोळ्यांसमोर धरलं आणि ते वाचायला सुरुवात केली. पावसाची बातमी, कांद्याची बातमी, कुठल्याशा पुलाचं उद्घाटन. सरळ, न अडखळता, कोर्टात वाचून दाखवत तशा स्वरात. मधे चार-पाच ठिकाणी ते थांबले आणि म्हणाले, "इथे जागा." पण चार-पाचच.

टीव्ही विसावर होता. मी आत जाऊन पोळ्या लाटायला घेतल्या आणि तिथे ओट्याशी उभी राहून जरा रडून घेतलं.

मुलगी सोमवारी दुपारी सहलीहून आली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे आजोबांच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसली. आम्ही टीव्ही नीट केलाय हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. मालिकेत आई आणि थोरला समोरासमोर होते. त्याची आई म्हणाली, "सात वर्षं शिक्षा भोगलीस. आणि ती सुद्धा न केलेल्या गुन्ह्याची." प्रत्येक अक्षर स्वच्छ आलं.

बाबा ताठ बसले. "शिक्षा भोगली?"

"हो ना आजोबा," मुलगी म्हणाली. "शिक्षा. एज्युकेशन."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. पडद्यावर धाकटा भाऊ आईच्या पायाशी बसून सांगत होता की अपघात झाला तेव्हा गाडी तो चालवत होता, दादाने त्याचा गुन्हा अंगावर घेतला. बाबा एकही शब्द न चुकता ऐकत होते. जाहिराती लागल्या तेव्हा त्यांनी सावकाश विचारलं, "हा तुरुंगात होता? नागपूरला शिकायला नाही?"

मुलीने स्टूल जरा मागे सरकवलं.

"आणि म्हैस?"

तिचा चेहरा लाल झाला. "म्हैस नाहीये," ती म्हणाली. "मला जे समजायचं नाही ते मी बनवून सांगायचे." आणि उठून आत गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मी तिच्या मागे जायला निघाले तर बाबांनी हातानेच थांबवलं. मालिका संपायची होती, ती त्यांनी बंद केली आणि स्वतः तिच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर उभी राहिले. ती उशीत तोंड खुपसून होती. बाबा पलंगाच्या कडेला टेकले.

"मी नोकरीला नवीन लागलो होतो," ते म्हणाले, "तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी बाई साक्ष द्यायला आली होती. फार हळू बोलायची. तिच्या घरी कोण आलं होतं, ते तिने सांगितलं आणि तोच एक शब्द मला ऐकू आला नाही. जज्जसाहेब कडक. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी आपलं मनानेच लिहिलं, भाऊ."

उशीतून एक डोळा बाहेर आला. "मग?"

"मग साक्ष टाइप झाल्यावर तिला वाचून दाखवली. वाचून दाखवावीच लागते. ती म्हणाली, मी भाऊ म्हटलंच नाही, दीर म्हटलं. सगळं कोर्ट माझ्याकडे बघायला लागलं. मी सांगितलं, साहेब, मला ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, नोकरी गेली."

"गेली?"

"नाही. साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडा आणि विचारा. भरू नका. एवढंच. पुढे मी कायम तसंच केलं. कोर्टात केलं. घरी नाही. तुझी आजी गेल्यापासून लोक काय बोलतात ते मला अर्धं कळत नाही आणि मी मान डोलावतो. फोनवर सुद्धा. समोरचा काय म्हणाला असेल ते मीही मनानेच बनवतो. तुझ्याइतकं चांगलं बनवता येत नाही मला. म्हैस काही मला सुचली नसती."

ती हसली. रडता रडता हसतात तशी, नाक ओढत. मग म्हणाली, "आता तुम्हाला ऐकू येतं. मग मी बसायला नको ना?"

"बस की. फक्त आता तुला कळलं नाही तर तू मला विचार."

दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं. मालिकेतली बहीण तिला बघून गेलेल्या मुलाला म्हणत होती, "मला तुमच्या आईंची भीड पडते." मुलगी म्हणाली, "थांबवा, थांबवा. भीड म्हणजे गर्दी ना? आईंची गर्दी कशी पडेल?"

बाबांनी मालिका थांबवली. ॲपवर आता थांबवताही येते. "हिंदीत गर्दी. आपल्यात भीड म्हणजे, समोरच्याला काही सांगायचंय, विचारायचंय, पण त्याला काय वाटेल म्हणून जीभ उचलत नाही. ती भीड. म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. माणसाला नडते."

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "माझे कान तपासून आण एकदा. टीव्हीचं झालं. या चार-पाच जागा राहतात, त्या माझ्या आहेत."

आम्ही तपासून आणले. कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले आणि मग कागदावरचा आलेख दाखवत हिंदीत समजावलं की जाड आवाज ठीक येतायत, बारीक आवाज घसरलेत. स, श, त, फ ही अक्षरं तिथेच असतात. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "रेघा," ते मराठीत म्हणाले. बाईंना काही कळलं नाही, पण बाबांचा चेहरा एखादा निकाल आपल्या बाजूने लागल्यासारखा झाला होता.

कानाचं यंत्र लावायला मात्र ते लगेच राजी नव्हते. लावल्यावर पहिला आठवडा कुरकुर. पंखा ऐकू येतो, प्लास्टिकची पिशवी ऐकू येते, स्वतःचं चावणं ऐकू येतं. दोनदा यंत्र डबीत गेलं आणि दोनदा मुलीने ते काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी दोन वेळा बोलावून आवाज जुळवून दिला. महिन्याभराने मी पाहिलं तर सकाळी चष्म्याबरोबर ते कानातही आपोआप जात होतं. पुण्याला फोन लागायला लागले. माझ्या काकांनी मला वेगळा फोन करून विचारलं, "दादाला झालंय काय? मागे नुसतं हो-हो करायचा. काल माझ्याशी अर्धा तास वाद घातला."

मालिका पावसाळ्यात संपली. नवीन जी लागली ती बाबांना आणि मुलीला दोघांनाही आवडली नाही. साडेसातला ती आता खाली खेळायला जाते, आणि कधी तिचा मूड असला तर दोघं जुने भाग लावून बसतात. ती अजूनही शब्द विचारते. मिंधा म्हणजे काय, ओशाळणं म्हणजे काय. कधी कधी मला ते शब्द सांगताना विचार करावा लागतो.

सोसायटीच्या बागेत संध्याकाळी काही म्हातारे गृहस्थ बाकांवर बसतात. बाबा आले तेव्हा मी त्यांना दोनदा तिथे नेऊन सोडलं होतं आणि दोन्ही वेळा ते दहा मिनिटांत वर आले होते. हिंदी आपल्याला जमत नाही, असं कारण सांगायचे. परवा मी ऑफिसमधून आले तर बाबा घरात नव्हते. अंधार पडायच्या सुमाराला वर आले, चपला काढता काढताच सांगायला लागले. बाकावर एक पानिपतचे गृहस्थ असतात, घोंगड्या-चादरींचा त्यांचा कारखाना मुलगा बघतो. बाबा महाराष्ट्रातले म्हटल्यावर ते म्हणाले होते, "अरे, आप लोगों का तो हमारे यहाँ पुराना आना-जाना है."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, हां, आना ठीक हुआ था, लेकिन वापस जाना जरा जमा नहीं."

"मग?"

"मग काय, सगळे हसले," बाबा म्हणाले. त्यांनी हात-पाय धुतले, चहा मागितला, आणि उद्या जरा लवकर खाली जाईन म्हणाले, उशीर झाला की मधली जागा मिळत नाही.